चांदा त्रेचाळीस

५ फेब्रुवारी १९६८, सोमवार

आज नागपूरला आले. पवनीहून सकाळच्या एसटीनं बाबा मला घेऊन निघाले. उमरेडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी भजी घेतली आणि कोणी विचारलं नसताना कंडक्टरला सांगून टाकलं की पोरगी बी. ए. झाली आहे, नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली आहे. कंडक्टर म्हणाला, मंग आमच्या साहेबाले फोन लावा ना बाई, म्हणा ह्या गाडीले टायर द्या. सगळी गाडी हसली. बाबा सर्वांत जास्त हसले.

खोली इंदोऱ्यात, मनकर्णाबाईंच्या घरी मागच्या अंगाला. त्या विडीच्या कारखान्यात जातात, एकट्याच असतात. खोलीला एक खिडकी, एक फळी. फळीवर मी बाबासाहेबांचा फोटो, कंगवा आणि ही वही ठेवली. मनकर्णाबाईंनी आल्या आल्या पाटवड्यांचा रस्सा वाढला आणि सांगितलं की भाडं उशिरा दिलं तरी चालेल, पण न जेवता झोपलीस तर खोली खाली करावी लागेल.

नोकरी मला आवाजावर मिळाली. मुलाखतीत आकडे वाचायला दिले होते. साहेब म्हणाले, आवाज घंटेसारखा आहे. घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी माग थांबवला होता. आमची आजी, भीमाबाई, पाटलाच्या गल्लीतून जाताना कधी मोठ्यानं बोलू शकली नाही. शेवटी तिचं घरातलं बोलणंही कुजबुजीसारखंच झालं होतं. संध्याकाळी परत निघताना बाबा मला म्हणाले, "तुह्या आजीले तोंड उघडाची सोय नव्हती. तुले बोलाचाच पगार आहे. मोठ्यानं बोलत जा."

१४ फेब्रुवारी, बुधवार

काम समजू लागलं आहे. आम्ही ओळीनं उंच स्टुलांवर बसतो, समोर ट्रंक बोर्ड. गावागावांच्या लाइनींची भोकं, प्रत्येकाशी एक दिवा. दिवा लागला की दोरीचा प्लग घालायचा, कळ पुढे करायची, "नागपूर ट्रंक" म्हणायचं. भंडारा, वर्धा, चांदा, गोंदिया. सगळा मुलूख माझ्या गुडघ्यासमोर आहे आणि मी म्हटल्याशिवाय कोणी कोणाशी बोलू शकत नाही. हे लिहिताना थोडा गर्व होतो, तो मी होऊ देते.

सुपरवायझर शोभाताई कडक आहेत. 'मले' म्हटलं की हातातली पेन्सिल टेबलावर आपटतात. लाइनवर 'मला', 'तुम्हाला' असंच हवं. आठ दिवसांत माझं 'काहून' गेलं आणि 'का' आलं. शेजारच्या स्टुलावरची प्रेमलता याची फार मजा घेते. काल सगळ्यांसमोर म्हणाली, "आता घरी गेली तं तुह्या मायले दुभाषी लागन वं."

शोभाताईंनी एक नियम पहिल्याच दिवशी सांगितला. दोन्हीकडची माणसं बोलू लागली याची खात्री झाली की आपली कळ बंद करायची. त्यापुढे ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं. मला ते इतकं पटलं की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते खरं खरं लिहिते.

दुपारी एका वखारीतून चांद्याचा कॉल बुक झाला. गावाचं नाव आता चंद्रपूर आहे, पण बोर्डावर आम्ही चांदाच म्हणतो. नंबर त्रेचाळीस. पी. पी. कॉल होता, म्हणजे बुकिंगच्या तिकिटावर नाव लिहिलेलं माणूस फोनवर आलं तरच जोडायचा. नाव होतं हंसराज रामटेके.

या नावाबद्दल वहीत आजवर लिहिलं नाही. घरीही कोणाला माहीत नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात दोन वर्षं आम्ही सोबत अभ्यास केला. परीक्षा झाली की तो बाबांना भेटायला येणार होता. परीक्षा झाली आणि चार ओळींचं पत्र आलं. चांद्याच्या एका जंगल ठेकेदारानं त्याला जावई करून घेतलं होतं, व्यवसायासकट. चौथ्या ओळीत माझ्या उज्ज्वल भविष्याला शुभेच्छा होत्या.

मी विचारलं, हंसराज रामटेके आहेत का? तो म्हणाला, बोलतोय. माझा आवाज त्यानं ओळखला नाही. मी आता 'मला'वाली झाले आहे ना.

कॉल जोडला. कळ बंद केली नाही. बांबूच्या वॅगनी, पावत्या, कोणा फॉरेस्टरला भेटायचं राहिलं ते, असलंच बोलणं होतं. तरी मी तीन मिनिटं श्वास धरून बसले. तो खोकला तेव्हा माझ्या मनात आलं, अजून आल्याचा चहा घेत नाही वाटतं.

हे एकदाच.

८ मार्च, शुक्रवार

एकदाच राहिलं नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास चांद्याची लाइन मोकळी असते. तिकडचे ऑपरेटर वामनराव म्हातारे आहेत, मी "लाइन टेस्ट, त्रेचाळीस द्या" म्हटलं की देतात आणि आपण बाजूला होतात. घंटी वाजते. तो उचलतो. हॅलो म्हणतो. मी गप्प. तो पुन्हा हॅलो म्हणतो, मग ठेवतो. एवढंच. हे रोज.

त्या दोन हॅलोंमधून काय काय कळतं याचं मलाच आश्चर्य वाटतं. जेवून उठला की नाही, ते कळतं. मागं रेडिओ असतो, तो गेल्या आठवड्यात नवा घेतला असावा. आतल्या खोलीत बांगड्या वाजतात. ती त्याची बायको. तिचं बोलणं मात्र मी अजून एकदाही ऐकलं नाही.

मी कोणाचं काही उचलत नाही, असं स्वतःला समजावते. कोणाचं बोलणं ऐकत नाही, कारण तिकडे कोणी बोलतच नसतं. हा बचाव बी. ए. झालेल्या मुलीला शोभणारा नाही.

आज वामनराव सहज म्हणाले की त्रेचाळीसवाले तक्रार करत होते, दुपारचे मुके फोन येतात म्हणून. मी म्हणाले, बघते. आणि अडीच वाजता पुन्हा लावला.

२१ मार्च, गुरुवार

हल्ली तो फोन परत ठेवत नाही. हॅलो म्हणतो, उत्तर नाही म्हटल्यावर रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून निघून जातो. मग त्यांचं सगळं घर माझ्या कानात येतं. पंखा, भांडी, खाटेची करकर. आज वीस मिनिटं ऐकलं. मी तिथं कुठे बसले असते, पाण्याचा माठ कुठे ठेवला असता, हे ठरवत होते. माझ्या बोर्डावर तेवढ्यात पाच दिवे लागून गेले. शोभाताईंनी सर्वांदेखत विचारलं, झोप काढायची असेल तर खाट मागवू का. मान वर करवली नाही.

आज कामठीच्या एका सब्स्क्रायबरनं मला दोनदा सांगितलं की ऑपरेटर, जरा मोठ्यानं बोला. माझा आवाज ऐकू येत नाही म्हणणारा हा पहिलाच.

उद्यापासून चांदा त्रेचाळीस बंद. पहिलं पान उघडून पुन्हा वाचलं.

२९ मार्च, शुक्रवार

सात दिवस पाळलं. सात दिवस अडीच वाजले की हात मांडीखाली घालून बसत होते. प्रेमलतानं विचारलं, "हात भाजले का वं?"

आज लावला. उन्ह फार होतं, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत, हॉलमध्ये सगळ्या पेंगत होत्या. घंटी वाजली. या वेळी बाईनं उचलला.

ती म्हणाली, "हॅलो, चांदा त्रेचाळीस."

आधी वाटलं, माझाच आवाज तारेतून परत आला. असं कधी कधी होतं, आपलं बोलणं क्षणभरानं आपल्याच कानात येतं. पण मी काही बोललेच नव्हते.

आवाज माझा होता. तिनं फोन ठेवला नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि ती गुणगुणत आत गेली. आई मागाच्या कांड्या भरताना जे गुणगुणते, तेच. त्याला शब्द नाहीत, ते आमच्या घराबाहेर कोणाला येणं शक्य नाही.

४ एप्रिल, गुरुवार

रोज तीच उचलते. ती माझ्या जुन्या आवाजात बोलते, पवनीच्या. आज त्याला हाक मारली, "काहून जी, जेवाले नाही येत का? मी कवाची वाढून राहिली." तो हसला. माझ्यासोबत तो असा कधी हसला नव्हता.

घाबरायला हवं होतं. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते, मला बरं वाटलं. ती भाजीला काय घालते, त्याला काय म्हणते, सगळं मी म्हटलं असतं तसंच. जणू मी तिथं नांदत होते आणि इथं बसून स्वतःच्याच घरावर नजर ठेवत होते. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

आतल्या खोलीत बांगड्या वाजत होत्या. ती टेबलाजवळ बोलत असताना, तिकडे आत. म्हणजे त्या घरात दोघी आहेत. एक बोलते. दुसरी बोलत नाही.

१० एप्रिल, बुधवार

मी "नागपूर ट्रंक" म्हणते. पलीकडून विचारतात, ऑपरेटर? आहे का कोणी? मी पुन्हा म्हणते. ते फोन आपटतात.

मेकॅनिकनं हेडसेट बदलला, दोन्ही तपासले, दोन्ही चांगले निघाले. मग शोभाताई शेजारी बसल्या. मी बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, नुसते ओठ काय हलवतेस, बोल. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, घसा साफ आहे म्हणाले. प्रेमलता ज्येष्ठमध आणून देते. मनकर्णाबाई गरम पाण्यात हळद देतात.

मला माझं बोलणं ऐकू येतं. डोक्याच्या आत, स्वच्छ. ओठांच्या पुढे जात नाही.

बाबांना काय सांगू?

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक. मनकर्णाबाईंसोबत गेले. सगळा इंदोरा रस्त्यावर होता, निळे झेंडे, ढोल. सगळ्यांबरोबर मीही घोषणा दिली, घशाच्या शिरा ताणून. मनकर्णाबाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून वं, आजच्या दिवशीही गपच राहशील का?"

२३ एप्रिल, मंगळवार

बोर्डावरून काढून मला तिकिटं लावायच्या टेबलावर बसवलं आहे. शोभाताई वाईट वागल्या नाहीत. पंधरा दिवस बघू म्हणाल्या, मग वर कळवावं लागेल.

प्रेमलताला कागदावर सगळं लिहून दिलं. तिनं दोनदा वाचलं, हसली नाही. अडीच वाजता चांदा त्रेचाळीस लावला आणि हेडसेटचा एक कान माझ्याकडे वळवला. तिनं विचारलं, कोण बोलतंय?

माझा आवाज म्हणाला, "प्रेमलता, तुह्या बाजूले जे पोरगी बसली ना, तिले लाइनवर बसू देऊ नको. ऐकत राहते ते. आमच्या घरात शिरते."

प्रेमलतानं प्लग उपटला. नंतर तिनं मला विचारलं की तू नक्की कोण आहेस. मी लिहून दिलं. तिनं कागद वाचला, पण हातात घेतला नाही.

३० एप्रिल, मंगळवार

जेवायच्या सुट्टीत बोर्ड रिकामा होता. मीच लावला. आणि ओरडले. शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, माझं मला दे म्हटलं.

पलीकडून ती, माझ्याच आवाजात, "हॅलो? हॅलो?"

तो लांबून म्हणाला, कोण आहे?

"मुका फोन आहे जी."

"ठेवून दे."

ठेवला.

बाबांना पत्र टाकलं. सगळं नाही लिहिलं. तब्येत बरी नाही, बोलता येत नाही, न्यायला या, एवढंच.

४ मे, शनिवार

बाबांचं उत्तर आलं. बाबांना लिहिता-वाचता येत नाही, शेजारचे नानाजी गुरुजी लिहून देतात. पत्रावर माझं नाव नव्हतं. 'नागपूर येथील अनोळखी बाईस' असं होतं.

लिहिलं होतं की रामाजींची मुलगी सत्यवती एप्रिलपासून चांद्याला असते, तिचं लग्न झालं आहे, दर गुरुवारी पवनीच्या पोस्टात तिचा फोन येतो. न सांगता लग्न केलं म्हणून आधी रामाजींना राग आला होता, पण मुलगी फोनवर इतकी आनंदात बोलते की राग टिकला नाही. तिची आई तर रिसीव्हर सोडत नाही. तुमचं पत्र आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, मी असं काही लिहिलं नाही, कोणीतरी जळून लिहीत असेल. तरी यापुढे लिहू नये.

खाली गुरुजींनी स्वतःचं एक वाक्य लिहिलं आहे. 'अक्षर हुबेहूब सत्यवतीचे आहे असे मी रामाजींना सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, अक्षर मले काय समजते. मले माह्या पोरीचा आवाज समजते."'

मी घरातली पहिली लिहिणारी. आणि लिहिलेलं —

कोणाला दाखवू.

९ मे, गुरुवार

आज गुरुवार. आज फोन गेला असेल.

वही आता सोबतच ठेवते. बोलायला दुसरं काही नाही. शोभाताईंचं पत्र वर गेलं. मनकर्णाबाई माझ्याशी खुणांनी बोलतात, मी बहिरी झाले आहे असं त्यांना वाटतं. हळूहळू खुणाही कमी करतात.

रविवारी बुद्धपौर्णिमा. पवनीला जाणार. दारात उभी राहणार. चेहरा तर माझाच आहे. आई चेहऱ्याला नाही म्हणणार नाही. नाही म्हणणार —

११ मे, शनिवार. दुपारी

तिकीट माझ्याच टेबलावर आलं. पवनी पोस्ट ते चांदा ४३. पी. पी. नाव — सत्यवती.

आज बाबांनीच लावला आहे.

प्रेमलताकडे नेऊन दिलं. तिनं वाचलं. हेडसेट काढला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि उठून गेली. मागे पाहिलं नाही.

मी जोडला. कसा न जोडू. पलीकडे बाबा होते. कळ उघडी आहे. डाव्या हातानं कळ, उजव्यानं हे —

बाबा विचारतात, कशी आहेस माय. ती म्हणते, मजेत. जेवून राहिली होती. आई मागून काही सांगते, तिला ते लगेच समजतं, हसते. मला नीट ऐकू आलं नाही. आईचं बोलणं मला —

ती म्हणते, "बाबा, एक सांगू. उद्या घरी एक बाई येईन. माह्यासारखीच दिसते. मुकी आहे. माहा फोटो पाहून पाहून तशी झाली. दार नका उघडू."

बाबा म्हणाले, "नाही उघडत, माय."

आईही हो म्हणाली.

तीन मिनिटं होत आली. वेळ झाली हे सांगायचं काम माझं. बोलायची कळ पुढे केली. बाबा. बाबा, मी नागपुरात आहे. बाबा —

बाबा थांबले. "मधात कोणी बोललं का?"

ऐकलं. त्यांनी ऐकलं —

ती म्हणाली, "कोणी नाही बाबा. ऑपरेटर आहे. वेळ झाली म्हणते."

"बरं. ठेवतो मंग."

नाही. ठेवू नका. पुन्हा कळ. पुन्हा. दिवा अजून आहे. मोठ्यानं बोलते आहे, सगळा जीव लावून, बाबा, ती नाही, मी, मी सत्य